उचल फिटेपर्यंत सोडणार नाही, असं भट्टीवाला म्हणतो तेव्हा

प्रश्न जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: वाडीतली तीन कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर शेजारच्या तालुक्यात वीटभट्टीवर गेली. भर पावसाळ्यात त्यांनी भट्टीमालकाकडून उचल घेतली होती. त्यातला एक जण आई आजारी म्हणून न सांगता घरी आला. दुसऱ्या दिवशी मालकाची माणसं गाडी घेऊन वाडीत आली, सगळ्यांसमोर त्याला मारलं आणि परत घेऊन गेली. पोलीस म्हणाले, "हा पैशाच्या देवघेवीचा मामला आहे. उचल घेतली तर काम करायला नको?" ही वेठबिगारी म्हणता येईल का? आणि गावातून वर्गणी काढून उचल फेडली तर माणसं सुटतील का?

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्याची घाई आहे. वर्गणी काढू नका. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यातल्या कलम ६ ने अशी उचल फेडण्याची जबाबदारीच संपवली आहे. कलम ९ प्रमाणे ती वसूल करणं हा उलट मालकाचा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा. व्यवहार म्हणून बघितलं तरी ते परवडत नाही. हिशोबाची वही मालकाकडे असते. तुम्ही वीस हजार घेऊन गेलात तर वही तीस सांगेल. आठवड्याची खर्ची (घरखर्चापुरते पैसे), पोराचा दवाखाना, इतकंच काय, पळालेल्या मजुराला धरून आणायला गेलेल्या गाडीचं डिझेलसुद्धा त्याच मजुराच्या नावावर मांडलेलं मी पाहिलंय. आणि एकदा पैसे दिले की पोलिसांच्या लेखी प्रकरण आपसात मिटलं. मारहाण त्यातच बुडते, आणि उरलेल्या दोन कुटुंबांचा भाव ठरतो.

तरीही जिवावर बेतलं की लोक पैसे देतात, आणि मी त्यांना बोल लावत नाही. तशी वेळ आलीच तर रोख देऊ नका. बँकेतून किंवा मोबाइलवरून मालकाच्या खात्यात टाका. वसुली केल्याचा त्याच्याविरुद्धचा पुरावा तोच होतो.

आता पहिला प्रश्न. तुम्ही सांगितलंय तसं घडलं असेल तर ही वेठबिगारी आहे, काठावरचं प्रकरणही नाही. कायदा दोन गोष्टी विचारतो. काम कशापोटी करावं लागतंय? उचल, बापजाद्यांचं देणं, रूढी, अमुक जातीत जन्म, यांपैकी काहीही चालतं. आणि त्यापायी माणसाने काय गमावलंय? किमान वेतनाएवढी मजुरी, किंवा दुसरीकडे काम धरायची मोकळीक, किंवा देशात कुठेही जायची-यायची मोकळीक, किंवा आपला माल बाजारभावाने विकायचा हक्क. इथे 'किंवा' आहे, 'आणि' नाही. चारातलं एक गेलं तरी व्याख्या पुरी होते. कुलूप, साखळी, पहारेकरी यातलं काहीच कायद्याने मागितलेलं नाही. शिवाय हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं कलम १५ ने मालकावर टाकलंय, मजुरावर नाही.

सुप्रीम कोर्टाने तर याच्याही पुढे जाऊन सांगितलंय. दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांचा निकाल १९८२ चा. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबावं लागणं म्हणजेच घटनेच्या कलम २३ ने मना केलेली सक्तीची मजुरी, आणि पोटाची सक्ती हीसुद्धा सक्तीच, असं त्यात म्हटलं. पुढे हरियाणातल्या फरिदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात, सक्तीचं काम दिसलं की ते उचलीपोटीच आहे असं धरून चालायचं आणि नसेल तर मालकाने दाखवून द्यायचं, असा दंडक घातला. चाळीस वर्षं झाली. ठाणेदाराला हे ठाऊक नसतं म्हणून तो 'देवघेव' म्हणतो असं मात्र समजू नका. बऱ्याचदा ठाऊक असतं. गुन्हा नोंदवला की चौकशी, पंचनामे, आणि भट्टीवाला गावातला वजनदार माणूस. देवघेव म्हटलं की कागद हलत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. अशी प्रकरणं बहुतेक वेळा कोर्टात पडत नाहीत. ती पडतात पहिल्या जबाबात, तहसील कचेरीच्या टेबलावर.

होतं असं. मजुरांना आणलं जातं. आतल्या केबिनमध्ये मालक चहा पीत बसलेला असतो, दार अर्धवट उघडं. अधिकारी विचारतात, "तुला डांबून ठेवलं होतं का रे?" मजूर म्हणतो, "नाय साहेब." खरंच कुणी कोंडलेलं नसतं. "मारायचा का?" तो दाराकडे बघतो आणि गप्प बसतो. "उचल घेतली होतीस?" "घेतली होती." झालं. 'मजूर स्वखुशीने काम करीत असल्याचे दिसून येते' असा शेरा पडतो आणि तीन कुटुंबं त्याच गाडीने परत भट्टीवर.

प्रश्न चुकीचे होते. डांबण्याबद्दल विचारायचंच नाही. विचारायचं ते असं: आठवडी बाजाराला कोण जातं? बायको आणि पोरं सगळी मिळून कधी भट्टीच्या बाहेर गेलात का? शेवटचं कधी? फोन कुणाकडे असतो? आधार कार्ड, रेशनकार्ड कुठे आहे? हजार विटांमागे किती ठरले, आणि हातात किती आले? हिशोब कधी करतात? मध्येच सोडून गेलं तर काय होईल असं वाटतं? याआधी कोण गेलं होतं, त्याचं काय झालं? या प्रश्नांना कातकरी माणूस भराभर उत्तरं देतो, कारण ही त्याच्या रोजच्या जगण्यातली माहिती आहे. नवरा बाजारात तेव्हा बायको भट्टीवर, बायको माहेरी तेव्हा पोरं भट्टीवर: एक माणूस कायम मागे ठेवलेला असतो, हे दोन-तीन उत्तरांतच कळतं. कुंपणाची गरजच पडत नाही.

मजुरीचा प्रश्न तर सोडूच नका. आठवड्याला फक्त खर्ची द्यायची, बाकीचा हिशोब मोसम संपल्यावर. म्हणजे मध्येच उठून जाणारा घामाच्या पैशावर पाणी सोडून जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२१ च्या अंदाजात जगभरातली सुमारे पाच कोटी माणसं आधुनिक गुलामगिरीत धरली आहेत, त्यातली २ कोटी ८० लाख सक्तीच्या मजुरीत. सक्ती करण्याचा सर्वांत जास्त आढळलेला मार्ग तिथेही मारहाण नाही, मजुरी अडकवून ठेवणं हाच आहे. मारहाण लागते ती एखाद्यालाच, आणि ती बाकीच्यांनी बघावी म्हणून असते. तुमच्या वाडीत सगळ्यांसमोर मारलं ते त्यासाठीच.

जबाब ज्याच्या त्याच्या शब्दांत लिहिला जावा यासाठी भांडा. कारकुनाचा एक ठरलेला मजकूर असतो, 'मला बळजबरीने डांबून ठेवून अमानुष वागणूक देण्यात आली', आणि तो तीनही कुटुंबांच्या जबाबात शब्दशः तसाच उतरतो. वाचायला भारी वाटतो. पुढे आरोपीचा वकील विचारतो, 'अमानुष' म्हणजे काय ते सांग, आणि साक्षीदार कोसळतो. त्यापेक्षा 'शेठ म्हणाला, आई मेली तरी पहिलं माझं पैसं' हे त्याचं वाक्य जसंच्या तसं कागदावर आलं तर ते तो दहा वर्षांनीही तसंच सांगेल. बायकांचे जबाब वेगळे घ्यायला लावा. पथेऱ्याच्या, म्हणजे विटा पाडणाऱ्याच्या, कामातला निम्मा वाटा बाईचा असतो आणि वहीत तिचं नावच नसतं. नवऱ्याच्या नावाने एक जोडी मांडतात. तिचा जबाब नसेल तर मुक्तीचा दाखलाही तिला मिळत नाही, आणि त्या दाखल्यावर काय अवलंबून आहे ते पुढे सांगतो.

अर्ज कुठे द्यायचा? पोलिसात द्याच, पण पहिला प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, कार्यालयात. या कायद्याची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांवर आणि त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांवर सोपवलेली आहे. चौकशी करणं हे त्यांचं कर्तव्य आहे, मेहरबानी नाही. कलम १३ प्रमाणे जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती असते. ती बऱ्याच ठिकाणी फक्त कागदावर असते, तरी तिच्यावर सामाजिक कार्यकर्ते आणि अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी असावे लागतात. त्यांची नावं मागून घ्या आणि त्यांना प्रत द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणालाही एक प्रत. वकील तिथे फुकट मिळतो.

पोलिसांकडे जाताना एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. भट्टी दुसऱ्या तालुक्यात आहे म्हणून ते हात झटकतील. पण माणसाला मारून उचलून नेलं ते तुमच्या वाडीतून, म्हणजे गुन्हा त्यांच्याच हद्दीत सुरू झाला. आणि नसता झाला तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता माहिती नोंदवून घ्यावीच लागते. घेतली नाही तर तेच लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवा.

कलमं कोणती लागतात हे तुम्ही सांगायला नको, पण माहीत असू द्या, कारण खेळ तिथेच होतो. १९७६ चा कायदा नुसता लावला तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड दोन हजारांपर्यंत, गुन्हा जामीनपात्र. मालक संध्याकाळी घरी जेवायला. त्याच्या जोडीला भारतीय न्याय संहितेचं कलम १४३, म्हणजे मानवी तस्करी, लागतं का ते बघायला लावा. धाक, फसवणूक, आमिष किंवा सत्तेचा गैरवापर करून, गुलामीसारख्या स्थितीत ठेवण्यासाठी माणसं नेली किंवा ठेवली तर ते लागतं, आणि मजुराची संमती होती हा बचाव त्यात चालत नाही. एकापेक्षा जास्त माणसं असतील तर किमान शिक्षाच दहा वर्षं. आणि मजूर कातकरी, मालक अनुसूचित जाती-जमातीचा नसला, तर अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(ज). आदिवासीकडून बिगारी किंवा वेठबिगारी करून घेणं हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे आणि अटकपूर्व जामीन नाही. हे कलम लागलं की गावातल्या बोलण्याचा सूर बदलतो. त्या दिवसापासून तुमच्यावर 'मिटवा'चा दबावही वाढतो, हे धरून चाला.

सुटकेच्या दिवशी आदल्या रात्री फोनाफोनी नको. भट्टीवर बातमी पोचली की सकाळी तिथे नुसत्या विटा असतात. किती माणसं, किती पोरं, कोणत्या झोपडीत, हे आधी मोजून ठेवलेलं असावं. गाडी मोठी न्या. कपडे, भांडी, शेळी, कोंबड्या, जळणाचा भारा, हे सगळं बरोबर येणार आहे. एकदा एक बाई गाडीत चढेचना. साहेबांना वाटलं ती मालकाला घाबरतेय, आणि ते तिला कायदा समजावत बसले. तिची कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. टोपली उचलून तिच्या मांडीवर दिल्यावर ती चढली. तो सगळा संसार मागे राहिला तर मालक आठ दिवसांत निरोप पाठवतो, 'सामान घ्यायला या', आणि माणूस जातो. मोबाइलवर चित्रण करून लगेच सगळीकडे पाठवू नका. पोरांचे चेहरे तर अजिबात नाही.

भट्टीवर नेलेल्या मुलांच्या बाबतीत तुमच्याकडे असा एक पुरावा आहे जो दुसऱ्या कुणाकडेच नाही: हजेरीपट. कोणत्या तारखेपासून मुलं गैरहजर, मागच्या वर्षी कधी गेली, कधी परतली. मालक 'ही माणसं गेल्या आठवड्यातच आली' म्हणतो तेव्हा सरकारी शाळेचा हजेरीपट त्याला खोटं पाडतो. साक्षांकित प्रत काढून ठेवा. मुलं आईबापांबरोबर असतील तर त्यांना वेगळं करून बालगृहात पाठवायची घाई होऊ देऊ नका. बालकल्याण समितीपुढे हजर करून कुटुंबातच ठेवता येतं. एकटं पाठवलेलं मूल ही वेगळी गोष्ट. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली मुलं काही हजार रुपयांच्या बदल्यात नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला दिल्याचं उघडकीला आलं, तेही एका मुलीचा मृत्यू झाल्यावर. पटावरचं मूल महिनाभर दिसलं नाही आणि घरचे 'मामाकडे गेलाय' म्हणाले तर कोणता मामा, कोणतं गाव, एवढं विचारा. शंका आली तर १०९८.

आता दाखला. प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं मुक्ती प्रमाणपत्र प्रत्येक प्रौढ माणसाच्या नावाने स्वतंत्र हवं. उचल रद्द झाल्याचा तोच कागद, आणि केंद्राच्या पुनर्वसन योजनेचं दारही तेच. २०१६ पासूनच्या या योजनेत प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या अतिगंभीर प्रकरणांत तीन लाख रुपये धरलेले आहेत. तातडीची मदत आधी वीस हजारांपर्यंत होती, नंतर तीस हजारांपर्यंत झाली. त्यासाठी जिल्ह्याकडे किमान दहा लाखांचा निधी कायम असायला हवा, म्हणून 'वरून पैसे आलेले नाहीत' हे उत्तर तातडीच्या मदतीपुरतं तरी मान्य करू नका. मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली आहे, आणि माझ्या मते योजनेतला सगळ्यात वाईट भाग हाच. तारखा पडत राहतात, मालक मजुराला गाठतो, 'केस मागे घे, रोख देतो' म्हणतो. लांबचे दोन लाख आणि हातातले पाच हजार यात उपाशी माणूस काय निवडणार?

खरी परीक्षा भट्टीवर नसते, श्रावणात असते. सुटका जानेवारीत होते, टाळ्या वाजतात, पेपरात फोटो येतो. जुलै-ऑगस्टमध्ये वाडीत काम नसतं, धान्य संपलेलं असतं, आणि गणपतीच्या तोंडावर दुसरा शेठ मोटारसायकलवरून येतो. पैसे मोजून हातावर ठेवतो, कागद मागत नाही, हेलपाटे घालायला लावत नाही. सरकारची कुठलीही योजना त्या मोटारसायकलएवढी वेळेवर वाडीत पोचत नाही. म्हणून सुटकेनंतरच्या पाच-सहा महिन्यांत रेशनकार्ड चालू आहे का, जातीचा दाखला निघाला का, पावसाळ्याआधी रोजगार हमीची मागणी नोंदवली का, वनहक्काचा दावा कुठे अडलाय, खावटीसारखी मदत निघाली तर यादीत नावं आहेत का, या रटाळ कामांत जीव घाला. आणि वाडीची जागा कुणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर बघा. कातकऱ्यांच्या कित्येक वाड्या खासगी मालकांच्या जमिनीवर आहेत. जमीनमालक आणि भट्टीवाला एकमेकांचे सोयरे असतील तर माणूस भट्टीवरून सुटूनही सुटत नाही. त्याला घराखालच्या जागेची भीती असते. वेठबिगार म्हणून त्याच्याकडे असलेल्या राहत्या घरातून सुटलेल्याला हुसकावता येत नाही असं याच कायद्याचं कलम ८ सांगतं, पण ते सांगायला कुणीतरी तिथे असावं लागतं.

एक सावधगिरी. उचल घेतली म्हणजे वेठबिगारी, असं सरसकट म्हणत सुटू नका. बीडकडचे ऊसतोड मजूर उचल घेऊनच कोयता धरतात, आणि हिशोब चोख ठेवून, भांडून भाव वाढवून घेऊन परतणारेही त्यांच्यात आहेत. त्याच तांड्यात खाड्याच्या दंडाने वाकलेली, फड सोडला तर पोरगं ओढून नेतील म्हणून गप्प राहिलेली जोडपीही आहेत. तिथे मुकादमही वाहतूकदाराचा देणेकरी असतो आणि वरचा दट्ट्या खाली देत असतो. उद्या जायचं म्हटलं तर जाता येईल का, आणि गेलं तर काय होईल, एवढ्यावर निवाडा करा. तुमच्या माणसाच्या बाबतीत याचं उत्तर सगळ्या वाडीने डोळ्यांनी पाहिलंय.

शेवटी तुमच्याबद्दल. तुम्ही नोकरीत आहात, बदलीची धमकी येईल. अर्ज एकटीच्या नावाने देऊ नका. त्या माणसाची आई अर्जदार असू दे. मारहाण पाहिलेल्या चार-पाच जणांच्या सह्या किंवा अंगठे खाली असू देत, आणि वेठबिगारीवर काम करणारी एखादी संघटना जिल्ह्यात असेल तर तिचं पत्र सोबत जोडा. तुम्ही हजेरीपटाची प्रत द्या, ते तुमच्या कामाचाच भाग आहे. अर्जात एवढंच हवं: भट्टीचं ठिकाण आणि मालकाचं नाव, मजुरांची नावं आणि वयं, उचल कधी आणि अंदाजे किती, गाडी कोणत्या दिवशी आली आणि तिचा नंबर कुणी टिपला असेल तर तो, मारलं कुणी, पाहिलं कुणी. वर ठळक लिहा, 'वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ अन्वये चौकशी व मुक्ततेसाठी'. त्या एका ओळीमुळे तो कागद मारहाणीच्या तक्रारींच्या गठ्ठ्यात न जाता प्रांतांच्या टेबलावर जातो. दोन प्रती न्या, आवक क्रमांक आणि तारीख घातलेली पोच हातात पडेपर्यंत तिथून उठू नका. भट्ट्या पावसाच्या आधी मोडतात, हिशोब तेव्हाच होतो आणि माणसं पांगतात. म्हणून अर्ज या आठवड्यातच जायला हवा.